पोटाच्या भिंतीतलं रक्त

अकरा वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी विमलबाईला एक गोष्ट बजावून सांगितली होती, आणि ती तिने शपथेसारखी पाळली. तिचा नवरा पुंजाजी याच्या हृदयातली निकामी झालेली झडप काढून तिथे धातूची बसवली होती. डॉक्टर म्हणाले होते, "झडप उत्तम आहे, तुमच्यापेक्षा जास्त जगेल. पण तिच्यावर रक्त गोठायला नको. रक्त पातळ ठेवायची ही गोळी रोज संध्याकाळी एक, आयुष्यभर. चुकवायची नाही."

विमलबाई तिसरी शिकलेली. वडनेर भोलजीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवणारी. दीडशे पोरांच्या पातेल्यात मीठ किती टाकायचं हे तिच्या मुठीला ठाऊक होतं. फळ्यावरची मोठी अक्षरं, एसटीची पाटी, मतदानाची चिठ्ठी एवढं ती जुळवून वाचायची. गोळीच्या पाकिटावरचं बारीक इंग्रजी मात्र तिच्यासाठी मुंग्यांची रांग. गोळी ती डोळ्यांनीच ओळखायची: मुगाएवढी, पांढरी, मधोमध चीर. दिवेलागणीला ती तळहातावर ठेवून पुंजाजीपुढे हात करायची आणि म्हणायची, "घ्या." तो घ्यायचा. दिराच्या लग्नात घेतली, सासू गेली त्या दिवशी घेतली, पुरात गावचा रस्ता तुटला तेव्हा तिने पाकीट आधीच पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. रात्री घर निजलं की नवऱ्याच्या छातीतली झडप ऐकू यायची, उशीखाली कोणी घड्याळ ठेवावं तशी. पहिल्या वर्षी त्या टिकटिकीने तिची झोप उडायची. पुढे तिच्याशिवाय झोप येईना.

त्या हिवाळ्यात पुंजाजीच्या पित्ताशयात खडे निघाले. जेवण झालं की उजव्या कुशीत कळ उठायची आणि तो गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचा. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला फोन करून विचारलं, पाच दिवस आधी गोळी बंद केली, त्याऐवजी पोटावर बारीक सुया दिल्या. सगळं रीतसर झालं. पोटाला चार लहान भोकं, आणि चौथ्या दिवशी घरी.

निघताना नर्सबाईने औषधांची पिशवी आणि घरी सोडल्याचा कागद विमलबाईच्या हातात दिला. बाहेर तीन पेशंट ताटकळले होते, बाई घाईत होती. "ही सकाळ-संध्याकाळ, ही उपाशीपोटी, आणि ही रोज रात्री जेवल्यावर एक. ही महत्त्वाची आहे हं मावशी. आठ दिवसांनी रक्त तपासायला या."

ती महत्त्वाची गोळीही पांढरीच होती, पण थोडी मोठी, चीर नसलेली, हिरव्या पाकिटातली. विमलबाईने सगळं मनात बसवलं. घरी आल्यावर तिने फळीवरचा जुना डबा काढला. नागपूरची गोळी ऑपरेशनच्या पाच दिवस आधीपासून बंद होती, तेवढ्या दिवसांत तिला धड जेवण गेलं नव्हतं. आता ऑपरेशन झालं, आता ती सुरू करायची, एवढं तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दिवेलागणीला तिने नेहमीची गोळी दिली. जेवण झाल्यावर हिरव्या पाकिटातली दिली.

असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सकाळी पुंजाजी दात घासताना थुंकला तर पाणी लाल. "हिरडी सोलली असन," तो म्हणाला. तिनेही तसंच धरलं. गावात तुरीची मळणी चालली होती, घरोघरी भुसा उडत होता, आणि त्याला खोकला लागला होता. खोकताना तो पोटावर उशी दाबून धरायचा, दवाखान्यात तसं शिकवलं होतं.

सातव्या दिवशी, सकाळचं ऊन ओसरीवर आलं तेव्हा त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. उशी हाताशी नव्हती. खोकता खोकता तो एकदम थांबला आणि बेंबीच्या खाली उजवीकडे हात दाबून बसला.

"गजूचे माय," तो म्हणाला, "पोटात काईतरी तुटलं व."

विमलबाई शाळेत निघाली होती. तिने पिशवी खाली ठेवली. "कोठी?"

"इथी. सुतळी तुटावं तसं."

तिने हात लावला. काही लागलं नाही. तासाभराने लिंबाएवढं लागलं. दुपारपर्यंत मुठीएवढी घट्ट गाठ झाली होती आणि तो पाय लांब करू शकत नव्हता.

त्यांचा मुलगा गजेंद्र पिकअप गाडी चालवायचा, केळी आणि कापूस वाहायचा. तो मलकापूरहून आला, आल्या आल्या ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, "टाक्याजवळ थोडी सूज येते. घाबरू नका. दुखायची गोळी द्या, परवा आल्यावर दाखवा." मग गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट चाचपलं, गॅस आणि टाक्याचं दुखणं असं निदान केलं, कुल्ल्यावर सुई दिली आणि गेले. संध्याकाळी विमलबाईने नेमाने दोन्ही गोळ्या दिल्या. दुखण्यात तर गोळी मुळीच चुकायला नको, असं तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी संडासाकडे निघाला आणि दारातच भिंत धरून खाली बसला. कपाळावर घाम. ओठ पिठासारखे पांढरे. सून राखीने आणि विमलबाईने त्याला खाटेवर आणलं. धोतर सैल करताना विमलबाईला दिसलं: बेंबीखालचं कातडं निळं पडलं होतं, जांभूळ चिरडल्यासारखं. गाठ आता खरबुजाच्या अर्ध्या फोडीएवढी. कूस वळवली तर काल सुई दिलेली जागाही तशीच काळीनिळी, तळहाताएवढी.

गावातले डॉक्टर पुन्हा आले. गाठ दाबताच पुंजाजी ओरडला. "आत पू धरला," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर होतं असं. इथेच छोटा चिरा देतो, पू निघाला की आराम पडेल." त्यांनी बॅग उघडली. राखीला पाणी उकळायला सांगितलं.

"थांबा," विमलबाई म्हणाली.

गजेंद्र वैतागला. "माय, तुले काय समजते त्यातलं?"

"मले काई समजत नाई," ती म्हणाली. "पर पुवाचा फोड म्या पाह्यला नाई का कधी? तो लाल असते, हाताले चटका लागते. हे थंड हाय. हे निळं हाय. आन सुई देल्ली तठी बी निळंच. सुईच्या जागी काय पू धरला का एका दिवसात?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा कुल्ल्यावरचा तो डाग पाहिला, मग पुंजाजीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. हळूच बॅगची चेन लावली. "खामगावला न्या," ते गजेंद्रला म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता. "सरकारी दवाखान्यात. उशीर करू नका."

पिकअपच्या मागच्या भागात गादी टाकली. विमलबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. महामार्गावर रस्त्याचं काम चालू होतं. गाडी खड्ड्यात गेली की पुंजाजीच्या तोंडून शब्द न येता नुसता श्वास यायचा. नांदुरा मागे पडलं. त्याने एकदा पाणी मागितलं, मग मागायचंही सोडलं. ती त्याच्या छातीवर हात ठेवून होती. झडप धावत होती, इतकी की तिला मोजता येईना. ती सारखी म्हणत होती, "आलं खामगाव. आलंच." खामगाव आणखी वीस किलोमीटर होतं.

सरकारी दवाखान्यात तातडीच्या खोलीत त्या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होती, डॉक्टर प्रेरणा. तिच्यासमोर अपघाताचे दोघं, एक विंचू चावलेली म्हातारी आणि आता हा. तिने पुंजाजीचं मनगट धरलं, नर्सला दोन सुया टोचून सलाईन लावायला सांगितलं आणि मग पोटावर हात ठेवला. घाई होती, तरी हात घाईचा नव्हता.

"काका, मान उचला. फक्त डोकं. उशीवरून थोडं वर."

पुंजाजीने दात आवळून मान उचलली. पोटाचे स्नायू ताणले गेले. डॉक्टरीणबाईचा हात गाठीवरच होता. ती तशीच दाबून राहिली, आणि पुंजाजी कळवळून पडला.

ती विमलबाईकडे वळली. "मावशी, ही गाठ पोटाच्या आत असती तर मान उचलल्यावर स्नायूंच्या मागे लपली असती. ही लपली नाही, आणि दुखणं वाढलं. म्हणजे आतड्यात काही नाही, पोटाच्या भिंतीतच आहे. आणि हा रंग पुवाचा नाही, रक्ताचा आहे. भिंतीत रक्त साठतंय." तिने गजेंद्रला चिठ्ठी दिली. "तुम्ही रक्तपेढीत जा. दोन बाटल्या. लवकर."

गजेंद्र धावला. डॉक्टरीणबाईने विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी घेतात ना?"

"हाव. झडपेची. अकरा वर्षं झाले. एक दिवस चुकली नाई." ऐन त्या संकटातही विमलबाईच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"ऑपरेशननंतर कोणती दिली? पिशवी आणली का?"

पिशवी घरी राहिली होती. विमलबाईने राखीला फोन लावला. राखीने फळीवरचं सगळं काढून ओसरीवर मांडलं आणि फोटो पाठवले. डॉक्टरीणबाई फोटो बोटांनी मोठे करत गेली. एका फोटोवर थांबली. मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर.

"ही जुनी. ही बंद केली होती ना?"

"ऑपरेशनच्या आंधी बंद केली व्हती. मंग घरी आल्यावर चालू केली."

"आणि ही हिरव्या पाकिटातली?"

"ते दवाखान्यातली. जेवल्यावर."

"दोन्ही दिल्या? रोज?"

"दोन्ही," विमलबाई म्हणाली. "एकबी चुकवली नाई."

डॉक्टरीणबाईने फोन खाली ठेवला. तिने आवाज अगदी हलका केला. "मावशी, या दोन्ही एकच आहेत. कंपनी वेगळी, नाव वेगळं. आतलं औषध तेच. दवाखान्यातली तर जास्त ताकदीची आहे. त्यांच्या अंगात तिपटीने गेली."

आजूबाजूला माणसं बोलत होती, विंचू चावलेली म्हातारी देवाला हाका मारत होती. विमलबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिने स्वतःचा उजवा तळहात पाहिला.

"म्या," ती म्हणाली. "म्या देल्ल्या."

"कागदावर 'जुनी गोळी बंद' असं लिहायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुम्हाला तोंडी सांगायला हवं होतं. हे तुमच्या एकटीचं नाही. पण आत्ता त्याचा विचार करू नका. आत्ता मला यांना वाचवायचंय."

सोनोग्राफी झाली. पोटाच्या स्नायूच्या पिशवीत रक्ताचा मोठा गोळा दिसला. दुर्बिणीच्या एका भोकाजवळ रक्तवाहिनीला बारीक इजा झाली असावी, ती आपोआप मिटत आली असती. पण पातळ रक्त मिटू देईना, आणि खोकल्याच्या त्या एका उबळीने ती पूर्ण उघडली. अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं. रक्त गोठायला लागणारा वेळ इतका लांबला होता की तपासणाऱ्याने पुन्हा एकदा तपासला. एक बाटली लावून, दुसरी सोबत देऊन डॉक्टरीणबाईने त्याला अकोल्याला पाठवलं. रुग्णवाहिकेचं दार लागायच्या आधी तिने विमलबाईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला सांगायचं काहीतरी होतं, पण आतून कोणीतरी तिला बोलावलं आणि ती गेली.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात यंत्रातून पोटाचे फोटो काढले. रक्त अजून वाहत होतं. तिथले मोठे डॉक्टर गजेंद्रला आणि तिला बाजूला घेऊन बोलले, हातातल्या कागदाच्या मागे चित्र काढून.

"रक्त घट्ट करायचं औषध पुरं दिलं तर पोटातलं थांबेल. पण धातूच्या झडपेवर गुठळी बसेल. ती मेंदूत गेली तर अर्धांग होईल, किंवा जीवही जाईल. औषध दिलं नाही तर इथे वाहत राहील. आम्ही थोडं देतोय, थोडं थांबतोय."

"मंग पोट उघडून शिवून टाका ना साहेब," गजेंद्र म्हणाला.

"आत्ता ते रक्त स्वतःच्याच दाबाने थोडं अडलंय. चिरलं तर दाब मोकळा होईल. तशी वेळ आली तर करू. ती येऊ नये."

विमलबाईच्या डोळ्यांपुढे गावच्या ओसरीवरची ती उघडी बॅग आली. चिरा दिला असता तर माणूस तिथेच गेला असता. पण त्याचं समाधान तिला एका श्वासापुरतंही मिळालं नाही. चिरा तिने थांबवला होता, आणि रक्तही तिनेच सोडलं होतं.

डॉक्टरांनी निळ्या डागाच्या कडेने पेनने रेघ ओढली. डाग रेघेबाहेर गेला तर आम्हाला सांगा, असं नर्सला सांगितलं. नर्सला बावीस खाटा होत्या. त्यामुळे ते काम विमलबाईनेच घेतलं. ती स्टुलावर बसून रेघेकडे पाहत राहिली. पहिल्या दिवशी दुपारी डाग रेघेला भिडला. चार वाजता ओलांडून गेला. डॉक्टरांनी नवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तीही ओलांडली, निळं कुशीवर पसरलं, मांडीत उतरलं. तिसरी बाटली, चौथी बाटली. पुंजाजी शुद्धीवर होता पण बोलत नव्हता. डोळे उघडायचे, तिला पाहायचे, मिटायचे. एकदा त्याने तिचा हात धरला आणि तिने तो सोडवून घेतला, चादर नीट करायचं निमित्त करून. त्या हाताला त्याने धरावं हे तिला सोसवलं नाही.

तिने खाल्लं नाही. राखीने पाठवलेल्या भाकरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिल्या. देवाला काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं. नवस बोलायचा तर माणूस निर्दोष असावा लागतो, असं तिला वाटत होतं. ती फक्त म्हणायची, "त्यायले नको. मले ने." आणि लगेच मनात यायचं, मी गेले तर यांना गोळी कोण देणार. मग त्या विचारानेच ती शहारायची.

डॉक्टरीणबाईने सांगितलेलं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. दिवसातून दहा वेळा ती गजेंद्रकडे पाहून तोंड उघडायची आणि बंद करायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या आवारात गावातली जीप येऊन थांबली. सात-आठ जण उतरले. पुढे अर्जुनराव, पुंजाजीचा चुलतभाऊ, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. विमलबाई नळावर बाटली भरत होती. तिने पाहिलं, गजेंद्र त्यांच्यात उभा होता, डोळे लाल.

"त्यानं फोनवर सांगतलं, सूज हाय म्हणे, परवा या," गजेंद्र बोलत होता. "माहा बाप मरून राह्यला अन् हा बाहेरगावी फिरून राह्यला. आज आला तो. मी फोन करून पाह्यलं. त्याचा दवाखाना ठेवत नाई मी."

"काच त फोडाच लागन," कोणीतरी म्हणालं. जीपमध्ये काठ्या होत्या. विमलबाईला त्या दिसल्या.

"वहिनी, तुमी इथीच थांबा," अर्जुनराव म्हणाले. "आमी जाऊन येतो. असं सोडून देलं त उद्या दुसऱ्याचा जीव घेईन तो."

"चला बे," गजेंद्र म्हणाला आणि जीपकडे वळला.

बाटली भरून वाहत होती. विमलबाईने नळ बंद केला नाही. ती चालत गेली आणि जीपच्या दारापुढे उभी राहिली.

"गजू, त्यानं नाई. म्या केलं."

गजेंद्रला कळलं नाही. "काय केलं?"

"रक्त पातळ व्हायची गोई. एक घरची देल्ली, एक दवाखान्यातली देल्ली. दोन्ही एकच व्हत्या. मले माईत नोतं. खामगावच्या डॉक्टरीणबाईनं फोटो पाहून सांगतलं. सहा-सात दिवस म्या दोन-दोन देल्ल्या तुह्या बापाले. म्या माह्या हातानं." तिचा आवाज कापत नव्हता, तीन दिवसांत तो पार सुकून गेला होता. "कागदावर लिवाले पाह्यजे होतं म्हणे. लिवलं नाई, हे खरं हाय. फोनवर त्यानं तपासाले बलावलं नाई, हेबी खरं हाय. तुले तक्रार कराची त कर, कागदावर कर. पर काठ्या घेऊन जाशीन त पयली मले मार."

अर्जुनराव खाली पाहू लागले. गजेंद्र आईकडे पाहत राहिला, अनोळखी बाईकडे पाहावं तसा.

"तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवस तू माह्याजवळ बसून व्हती."

"हाव."

"बाबाले काई झालं ना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "त तुह्या हातचं अन्न मी जलमात खाणार नाई."

तो जीपमध्ये बसला नाही. आवाराबाहेर रस्त्याकडे चालत गेला. अर्जुनरावांनी बाकीच्यांना खूण केली आणि जीप आल्या वाटेने गावाकडे गेली. नळाचं पाणी तोवर कोणीतरी बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी डाग रेघेवर थांबला. विमलबाईने तीन नर्सना बोलावून दाखवलं. दुपारीही तिथेच. रक्ताचा आकडा घसरायचा थांबला. पाचव्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा खाटेवर टेकून बसले आणि म्हणाले, पोटातलं आवरलं. आता झडपेची काळजी. सलाईनमधून रक्त पातळ करायचं औषध थेंबाथेंबाने पुन्हा सुरू केलं.

पण आठव्या दिवशी सकाळी विमलबाईने चहाचा पेला पुढे केला तेव्हा पुंजाजीच्या उजव्या हाताने तो धरला नाही. पेला चादरीवर पडला. तो काही म्हणाला, पण शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटल्यासारखे आले. तोंडाचा कोपरा खाली ओढला होता. डॉक्टर धावत आले. जे नको होतं ते थोडंसं झालंच होतं. झडपेवरचा एक कण सुटला आणि मेंदूकडे गेला.

"लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "बरंचसं परत येईल." किती ते त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याभराने ते गावी परतले. शेतात हरभरा काढून झाला होता. पोटातला गोळा हळूहळू विरघळत होता, निळं पिवळं होऊन फिकट झालं होतं. उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा, पण बोटांत घमेल्याची कडी थांबत नव्हती. बोलताना तो एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवायचा. गजेंद्रने दवाखान्यात लेखी तक्रार दिली. डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं, कागदात चूक राहिली हे मान्य केलं, आणि यापुढे जुन्या औषधांचं नाव कागदावर वेगळं लिहू असं म्हणाले. ते लिहितात की नाही हे पाहायला गजेंद्र पुन्हा गेला नाही.

बापाला फार काही झालं नव्हतं आणि खूप काही झालं होतं. गजेंद्रने कोणतं धरलं ते त्याने सांगितलं नाही. तो राखीच्या हातचंच जेवायचा. आई स्वयंपाकाला बसली की बाहेर निघून जायचा, किंवा गाडीत बसून बिस्किटं खायचा. विमलबाईने त्याला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. शाळेत ती पुन्हा जाऊ लागली, पण आता मीठ टाकायच्या आधी जोडीच्या बाईला विचारायची, "टाकलं त नाई ना आपण?" ती बाई हसायची. मग एक दिवस हसायची थांबली आणि पुढे मीठ तीच टाकू लागली.

पुंजाजीला तिने सगळं सांगितलं ते होळीच्या आदल्या दिवशी. तो ओसरीवर डाव्या हाताने उजवी बोटं उघडमीट करत बसला होता. ती समोर बसली आणि एका दमात बोलली, दोन्ही पाकिटं, डॉक्टरीणबाई, तीन दिवसांचं मौन, गजूचं बोलणं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले... दिसत व्हतं."

"काय?"

"दोन व्हत्या. मी पाह्यत व्हतो. एक दिवे लावताना. एक जेवल्यावर." त्याने थुंकी गिळली. "विचाराव म्हटलं. एका दिवशी. काऊन दोन. मंग म्हटलं... तुले माईत असन."

विमलबाईने आपला उजवा हात पदराआड घेतला.

"गिळल्या त मीच ना व," पुंजाजी म्हणाला. "तू हात पुढं केला. तोंड माहंच व्हतं."

तिला यातून सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आणखी एक खिळा बसावा तसं वाटलं: हा माणूस अकरा वर्षं तिच्या तळहाताकडे न विचारता पाहत आला होता, आणि त्या सात दिवसांतही त्याने तसंच पाहिलं होतं. ती रडली. तिने पदर तोंडात धरला, पण आवाज बाहेर आलाच.

राखी दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे गजेंद्र होता, गाडीची चावी हातात. त्याने सगळं ऐकलं असावं, निदान शेवटचं तरी. तो खाली बसला, बापाचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि दवाखान्यात दाखवल्याप्रमाणे बोटं एकेक करून सरळ करू लागला. करंगळी सरळ व्हायची आणि सोडली की पुन्हा मिटायची. त्याने ती पुन्हा उघडली. आईकडे त्याने पाहिलं नाही. विमलबाईने डोळे पुसले आणि उठून आपली बसायची सतरंजी सावलीत, त्या दोघांच्या बाजूला सरकवली, कारण ऊन आता ओसरीच्या आत येऊ लागलं होतं.